सदर महिलेस कोणी नाही

"शनवारी येऊ नगंस," आई फोनवर म्हणाली. "आन् आलासच तर गाडी आणू नगं. आन् आणलीसच तर लांब लाव. आन् मला आई म्हनू नगं."

कृष्णराजच्या हातात त्या वेळी कोथिंबिरीची जुडी होती. वास घ्यायला त्यानं ती नाकापाशी नेली होती आणि ती तिथंच राहिली. धाराशिवच्या भाजीबाजारात संध्याकाळी फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळं पहिल्यांदा त्याला वाटलं की आपल्यालाच काहीतरी भलतं ऐकू आलं. त्यानं विचारलं, का, काय झालं? आई म्हणाली, चौकशी हाय. कसली? पगाराची. कुणाच्या पगाराची? "माज्या," आई म्हणाली. ती इतक्या सहज म्हणाली, की कलेक्टर कचेरीतल्या हेडक्लार्कनंही आपल्या पगाराचा उल्लेख एवढ्या सहज केला नसता. मग तिनं सांगितलं, निराधारचा पगार. चालू होऊन दोन वर्षं झाली. तुला सांगायचं ऱ्हायलं. "आन् त्यात काय सांगायचं? तू सांगतोस का मला तुज्या पगाराचं?"

"आई, निराधार म्हणजे ज्याला कुणी नाही. मी आहे ना?"

"तू हायस की. कोन न्हाय म्हनतंय? पर कागदावर न्हाईस."

"तुला विचारलं असंल ना त्यांनी, मूलबाळ आहे का म्हणून?"

"इचारलं की. आदी इचारलं, सांभाळतंय कोन. म्या म्हनलं, मीच. मग इचारलं, मूलबाळ? शांताक्का कानात म्हनली, हाय म्हनलीस तर पगार न्हाय. मग म्या म्हनलं, न्हाय. किती येळ लागतोय त्याला?"

फोन बंद झाला. भाजीवाली बाई त्याच्याकडं पाहत होती. "सर, जुडी घ्यायची का वासावरच भागवायचं?" तिनं विचारलं. त्यानं जुडी घेतली. घरी येईपर्यंत ती त्याच्या हातात फुलांसारखी धरलेली होती, हे सोनालीनं दार उघडल्यावर त्याला कळलं.

कृष्णराज ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विषमतेचं प्रकरण आलं की तो फळ्यावर एक चौकोन काढतो, त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारतो आणि म्हणतो, ही समतेची रेषा. ही फक्त फळ्यावर असते. मुलं हसतात. मग तो त्या रेघेखाली पोट सुटल्यासारखी एक लोंबती रेघ काढतो आणि म्हणतो, आणि हे आपण. वरच्यांकडून कर घ्यायचा, खालच्यांना निवृत्तीवेतन, धान्य, अनुदान द्यायचं, की हा झोळ थोडा वर उचलला जातो. दोरीवर ओले कपडे टाकले की ती मधे लोंबते, मग आपण बांबूचा टेका लावतो ना, तसं. टेक्याचं उदाहरण त्याचं स्वतःचं होतं, पुस्तकातलं नव्हतं. ते त्याच्या आईच्या अंगणातलं होतं, पण मुलांना तसं त्यानं कधी सांगितलं नव्हतं. शिवाय परीक्षेत त्याला गुण नव्हते. पुस्तकात एक वाक्य होतं, की या सगळ्या मोजमापात कुटुंब हे एकक धरलेलं आहे. हे वाक्य तो दरवर्षी वाचून पुढं जात असे. आज सोनालीच्या हातात कोथिंबीर देताना त्याच्या मनात आलं, की घराच्या आत किती झोळ आहे हे कुणी मोजतच नाही. चौकोन उंबऱ्याशी येऊन थांबतो.

"निराधार?" सोनाली म्हणाली. "म्हणजे अनाथ?"

"अनाथ वेगळं. निराधार वेगळं."

"अहो, पण आपण देतो की दर महिन्याला. मागच्या दिवाळीला मिक्सर दिला. निराधार बाईकडं मिक्सर असतो का?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "लोकांना कळलं तर? तुम्ही अर्थशास्त्र शिकवता." या शेवटच्या वाक्यात लागण्यासारखं तसं काही नव्हतं. तेच त्याला जास्त लागलं. सोनाली वाईट बाई नाही. ती कोथिंबीर निवडत बसली आणि निवडता निवडता तिनं सगळा प्रश्न सोडवूनही टाकला: शनिवारी जायचं, चौकशीला येणाऱ्या तलाठ्याला सरळ सांगायचं की मी मुलगा आहे, नाव कमी करा, आणि आईंना आपण वाढवून देऊ. "सरकार देतं तेवढं आपण नाही का देऊ शकत?" ती म्हणाली. देऊ शकत होते. त्यात अडचण एवढीच होती, की आईनं ते मागितलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये राघवेंद्र म्हणून त्याचे सहकारी आहेत, तुळजापूरच्या जुन्या घराण्यातले, इंग्रजी शिकवतात. फेब्रुवारी महिन्यात त्यांच्या इंग्रजीला धार येते, कारण वर्षभराचा राहिलेला आयकर त्या महिन्याच्या पगारातून कापला जातो आणि खात्यावर जे उरतं त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. राघवेंद्र त्या महिन्यात चहाही दुसऱ्याच्या पैशानं पितात. "आपण कमवायचं आणि या फुकट्यांच्या फौजेला पोसायचं," ते म्हणतात. कृष्णराज मान डोलावतो. कधीकधी त्यात भरही घालतो. मदत अशी हवी की माणूस पायावर उभा राहील, असं काहीतरी तो म्हणतो. आई गुडघ्यावर हात ठेवूनच उभी राहते, ही गोष्ट त्या वाक्याच्या आसपास कधी फिरकली नव्हती. आता रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन बसला असताना त्याला ती फौज दिसायला लागली. एवढी वर्षं तिला चेहरा नव्हता. आता ती सगळी फौज विटक्या लुगड्यात होती आणि तिच्या कपाळावर गोंदण होतं. आणि पैसाही दिसायला लागला. त्याच्या पगारातून कापलेला पैसा दिल्लीला जातो, मुंबईला येतो, कुठल्याकुठल्या खात्यांतून फिरतो, आणि या प्रवासात त्याच्या अंगावरचं कृष्णराजचं नाव झिजून झिजून पुसलं जातं. मग तो कुणाचाच नसलेला पैसा नळदुर्गकडं येतो आणि आई त्याला अंगठा लावते. म्हणजे पैसा तोच. फक्त नाव पुसून घ्यायला त्याला एवढ्या लांबून यावं लागलं होतं. नाव असलेला पैसा तर एस.टी.नं अडीच तासांत पोचतो. तो तिला नको होता.

त्याला आण्णांची बंडी आठवली. आण्णा म्हणजे आण्णासाहेब, त्याचे वडील. आण्णा पैसे बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि बंडी निजतानाही काढायचे नाहीत. आईला चहापत्ती आणायची असली तरी तिनं मागायचं, आणि पहिल्यांदा मागितलं की आण्णांना ऐकू यायचं नाही. आण्णांचे कान गावात नावाजलेले होते. पाटाचं पाणी दुसऱ्याच्या रानात वळलं तर ते त्यांना खाटेवर ऐकू यायचं. पण आईनं पैसे मागितले, की ते हात कानाला लावून म्हणायचे, "काय म्हनलीस? मोठ्यानं बोल की." मग आई मोठ्यानं बोलायची. शेजारी शांताक्काच्या घरात ऐकू जायचं, पलीकडं पारावर ऐकू जायचं, आईला चहापत्ती पाहिजे, आईला रॉकेल पाहिजे, आईच्या चपलेचा अंगठा तुटला आहे. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं अशी खात्री झाली की आण्णांचा हात बंडीत जायचा. लहानपणी कृष्णराजला वाटायचं, आण्णांना खरंच कमी ऐकू येतं. म्हणून तो आईच्या वतीनं ओरडून सांगायचा. त्याचा आवाज तेव्हापासूनच चांगला आहे.

नोकरी लागल्यावर त्यानं ठरवलं, आईला कधी मागायला लावायचं नाही. आणि लावलं नाही. महिन्यातून एकदा शनिवारी जायचं, पाकीट काढायचं, पुढं करायचं. आई ते हातात घ्यायची नाही. "ठिव तितं," म्हणायची आणि भिंतीतल्या कोनाड्याकडं हनुवटी करायची. तो कोनाड्यात ठेवायचा. त्याला वाटायचं, आईला पैशाचं काही नाही, तिचा जीव वरच्या गोष्टीत आहे. मग चहा टाकता टाकता आई कुणी न विचारता सांगायला लागायची: गेल्या महिन्याच्यात गोळ्या आणल्या, दळण झालं, पत्र्याला डांबर मारून घेतलं, उरले त्यातून शांताक्काच्या नातवाला अंगडं. तो म्हणायचा, "आई, हिशोब कशाला देतीस?" असं म्हणायचा आणि शेवटपर्यंत ऐकायचा. मधेच उठून जावं, किंवा निदान दुसरं काहीतरी बोलावं, असं त्याला कधी सुचलं नाही. चेहऱ्यावर त्या वेळी काय असायचं कुणास ठाऊक. देणाऱ्याला आपला चेहरा दिसत नाही.

शनिवारी तो निघाला. गाडी घरीच ठेवली. आईच्या सूचनांपैकी एवढी पाळायला काही हरकत नव्हती. सोनालीला वाटलं, तो नाव कमी करायला चाललाय. त्यालाही तसंच वाटत होतं. तुळजापूरच्या स्टँडवर बस रिकामी होऊन परत भरली, शेजारी पेढ्याचा पुडा घेतलेला कुणी माणूस येऊन बसला आणि लगेच झोपला. कृष्णराजनं मनाशी दोन वाक्यं तयार केली. एक, "भाऊसाहेब, मी यांचा मुलगा." दुसरं, "मी पाहुणा, सहज आलोय." दोन्ही वाक्यं छोटी होती आणि दोन्ही त्याला म्हणता येत होती. पहिलं म्हणावं तर आईचा पगार जाणार. मग कोनाडा, मग पाकीट, मग तो चहा टाकतानाचा हिशोब. दुसरं म्हणावं, तर ते तो म्हणणार होता. आईनं फोनवर म्हटलं ते वेगळं. फोनवर माणूस काहीही म्हणतं. समोर उभा राहिल्यावर, आपलं तोंड पाहिल्यावर, ती काय म्हणते, हे पाहायला आपण चाललोय, हे त्याच्या लक्षात अणदूर मागं पडल्यावर आलं. नाव कमी करायला तो निघालाच नव्हता. शाळेत पहिल्या दिवशी आत जाताना पोरगं जसं मागं वळून बघतं, आई बघते का ते, तसलं काहीतरी होतं. पन्नाशीच्या माणसाला ते शोभत नव्हतं. त्यानं पेढेवाल्याकडं पाहिलं. तो झोपेत हसत होता.

नळदुर्गच्या अलीकडं हायवेवर उतरून आत थोडं चालावं लागतं. ट्रकांची रांग हैदराबादकडं चालली होती. घरी पोचला तेव्हा आई अंगणात दोरीवर लुगडं टाकत होती. दोरी मधे लोंबली होती, तिला बांबूचा टेका होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या पायांकडं.

"आलासच व्हय? बुटं काड आदी. लई चकाकत्यात. मागच्या दारी ठिव."

आत गेल्यावर त्याला घर ओळखू येईना. त्यानं इतक्या वर्षांत आणून दिलेलं एकेक सामान नाहीसं झालं होतं. मिक्सर नव्हता, लोखंडी खाट नव्हती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या नव्हत्या, भिंतीवरचं घड्याळ नव्हतं, रक्तदाब मोजायचं यंत्र नव्हतं. सगळं शांताक्काकडं मुक्कामाला गेलं होतं. शांताक्का दारातच उभी होती. तिचं माहेर कर्नाटकातलं, साठ वर्षं झाली तरी तिची मराठी अजून तिकडूनच येते. "अय्यो, माझं घर आज लई मोठ्या माणसाचं झालंय की रे," ती म्हणाली. "खाट काय, मिक्सर काय. मला कुणी तपासलं तर मीच सावकार निघते." आई हसली. दोघी हसल्या. शाळा बुडवून पेरूच्या झाडावर चढलेल्या पोरींसारख्या त्या दिसत होत्या. त्यानं आईला असं हसताना पाहिलं नव्हतं, निदान त्यानं कोनाड्यात पाकीट ठेवल्यावर तरी नाही.

समोरच्या भिंतीवर त्याचा पदवीचा फोटो असायचा, काळा डगला आणि वर चौकोनी टोपी. तिथल्या खिळ्यावर आता सूप टांगलेलं होतं. "फोटो कुठंय?" त्यानं विचारलं.

"माज्या देवघरात हाय," शांताक्का म्हणाली. "भिऊ नको. सकाळी कुंकूबी लावलं."

आई चुलीपाशी वळली तशी शांताक्का जवळ सरकून कुजबुजली. पगाराच्या दिवशी तुझी आई ठेवणीतलं लुगडं नेसते. बँकेत मशीनवर अंगठा लावते. कधी अंगठा उठत नाही, मग पदराला पुसून परत लावते. मशीन काही विचारत नाही, बघ. मग आमी दोघी हायवेच्या हाटेलात बसतो. मिरचीची भजी सांगतो. पैसे ती देते. मला देऊच देत नाही. पोऱ्या आला की म्हणते, अजून एक प्लेट आण, आणि असं मोठ्यानं म्हणते, की डायवर लोकं वळून बघतात.

आईला मिरचीची भजी आवडतात हे कृष्णराजला ठाऊक नव्हतं. तो येणार म्हटलं की ती त्याच्या आवडीचं करायची, आणि दोघांनी तेच खाल्लं की तिलाही तेच आवडतं असं तो धरून चालला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "आई," तो म्हणाला.

"आई म्हनू नगं म्हनलं न्हवं?" ती चुलीपासूनच म्हणाली. "मागच्या दारानं जा, शांताक्काकडं बस जरा. तो इल आता." आणि तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला, तो दारातच येऊन थांबला.

तलाठी तरुण होता. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत होते आणि त्याला त्याची अजून नीट सवय झालेली दिसत नव्हती. हेल्मेट काढून त्यानं कोपऱ्यात ठेवलं, पिशवीतून कागद काढले, जमिनीवरच मांडी घातली. उन्हातान्हात किती घरं फिरून आला होता कोण जाणे. त्यानं आधी पाणी मागितलं. मग सुरू झालं.

"मावशी, नाव?"

"धुरपदाबाई आण्णासाहेब."

"मालक?"

"वारलं."

"शेत?"

"हुतं. त्येंच्या आजारपनात गेलं."

"मूलबाळ?"

कृष्णराज भिंतीला टेकून उभा होता. सुपाच्या बरोबर खाली. दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडात होती आणि पहिलं वाक्य जिभेच्या टोकाशी आलं होतं, असं त्याला नंतर पुष्कळदा वाटलं. पण आईनं वेळच दिला नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग मान वर केली. "आणि हे कोण?"

"पाव्हणा हाय," आई म्हणाली. "आमच्या मालकांच्या आतीच्या गावचा. तिकडं परांड्याकडं, सोनारीचा. देवीला आलता, वाटंनं आला." एका श्वासात तिनं त्याला गाव दिलं, नातं दिलं, नवस दिला. सगळं ऐनवेळी. नजरही हलली नाही. फोनवरून ती जशी बोलली होती तशीच बोलली. फोनवर मधे अंतर तरी होतं, इथं समोर त्याचं तोंड होतं. तो तिच्यासाठी खोटं बोलायला तयार होता, अगदी तयार होता, बसमध्ये त्यानं त्याची तालीम केली होती. फक्त ते त्यानं बोलायचं होतं. तिनं थोडं अडखळायला हरकत नव्हती. जास्त नाही. ठसका लागतो तेवढं.

भाऊसाहेब एकदा आईकडं, एकदा त्याच्याकडं पाहत होते. "मावशी, पाव्हण्यांचं नाक तुमच्यावर गेलंय."

"अय्यो भाऊसाहेब," शांताक्का म्हणाली, "आमच्या गल्लीचं पाणीच तसलं. चार घोट पिलं की नाक असंच होतंय. तुम्ही आत्ता पिला की नाही?"

दारात जमलेली माणसं हसली. भाऊसाहेबांनी हात नाकापर्यंत नेला आणि तेही हसले. मग त्यांनी एक छापील कागद पुढं ओढला. "पंचनामा करावा लागतो. दोन पंच पाहिजेत. शांताक्का एक, त्यांचा अंगठा घेतो. दुसरे कोण? पाव्हणं, लिहितावाचता येतं का तुम्हाला?"

"लई शिकलाय," आई म्हणाली. मग म्हणाली, "असं म्हनत्यात."

"बाहेरगावचा पंच चालतो का?" कृष्णराजनं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच सोनारीचा वाटला.

"चालतो की. उलट बरा. त्याचं काही देणंघेणं नसतं." भाऊसाहेबांनी कागद त्याच्या हातात दिला. "मोठ्यानं वाचा. सगळ्यांसमक्ष वाचायचा असतो. सह्या नंतर."

त्यानं कागद घेतला. वर्गात शिरल्यावर जसा आपोआप लागतो तसा त्याचा आवाज लागला. तीस वर्षांची सवय, त्याला इलाज नव्हता. आईनं त्याला शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. एकदा तिनं विचारलं होतं, वर्गात काय करतोस रे? बोलतो, तो म्हणाला होता. "नुसतं बोलायचा पगार?" ती म्हणाली होती, आणि नंतर कितीतरी वेळ तोंडाला पदर लावून हसली होती, आणि मग म्हणाली होती, एकदा आली असती ऐकाया. ते राहिलंच होतं. आता ती चुलीपाशी बसून, हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकत होती.

"आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर महिला विधवा व वृद्ध असून एकटी राहते. तिला उत्पन्नाचे साधन नाही. तिला मूलबाळ नाही. तिचा सांभाळ करणारे कोणी नाही. आजारपणात तिची देखभाल करणारे कोणी नाही. सदर महिलेस कोणी नाही. वरील मजकूर आम्ही वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे."

वाचता वाचता तो उत्तरपत्रिका तपासत गेला. हीही सवयच. एकटी राहते: बरोबर. साधन नाही: बरोबर. मूलबाळ नाही: चूक. सांभाळ करणारे कोणी नाही: इथं त्याची लाल शाई थांबली. महिन्यातला एक शनिवार, कोनाडा, परतीची साडेचारची बस. आजारपणात: गेल्या उन्हाळ्यात ती तापानं पडली होती, हे त्याला ताप उतरल्यावर कळलं होतं, आणि त्यावर त्यानं रक्तदाब मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. बरोबर. सगळ्या कागदात मिळून एक वाक्य चूक निघालं. एवढ्याच चुका करणाऱ्या मुलाला तो पहिला वर्ग देत आला होता. वाचून झालं. कुणाचं तरी मूल रडायला लागलं, ते कुणीतरी बाहेर नेलं.

पंचाच्या सहीच्या जागी त्यानं लिहिलं, राघवेंद्र. पुढं लिहिलं, सोनारी. अक्षर चांगलं आलं. निराधारांच्या बाजूनं राघवेंद्रांनी एवढं स्वच्छ मत पहिल्यांदाच दिलं असेल. भाऊसाहेबांनी ते नाव वाचलं, त्याच्याकडं पाहिलं, काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं. पण मग त्यांनी शाईची डबी काढली आणि शांताक्काचा अंगठा धरला. "झालं मावशी," ते म्हणाले. "तुमचा पगार चालू राहील."

आईनं चहा केला. भाऊसाहेबांना कपबशीत दिला आणि त्यालाही कपबशीत. तो आला की तिच्या पितळी पेल्यातला अर्धा चहा त्याला मिळायचा, उरलेला अर्धा ती प्यायची. कपबशा वरच्या फळीवर असायच्या, सोयरेधायरे आले की उतरायच्या. त्यानं कानाला धरून कप उचलला. चहा चांगला झाला होता, साखर बेताची होती. पाहुण्याला किती गोड लागतं हे कुठं कुणाला माहीत असतं.

भाऊसाहेब उठून दुसऱ्या बाजूच्या शेजारघरात गेले. मोटारसायकल तिथंच उभी राहिली. दारातली माणसंही तिथंच राहिली, कारण आता शेजारच्यांची पाळी होती आणि ते या दारातून चांगलं दिसत होतं. कृष्णराज वाट पाहत बसला. आता आई एखादा शब्द हळूच बोलेल, निदान डोळ्यानं तरी, असं त्याला वाटलं. तिनं कपबशा विसळल्या, पालथ्या घातल्या, फळीवर ठेवल्या. मग पदर सारखा केला आणि शेजारी भाऊसाहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "या मग. उशीर व्हायच्या आत निघा. आतीला राम राम सांगा."

तो उठला. मागच्या दारी बूट घालायला वाकला तेव्हा दाराच्या आडोशाला त्याला गठुडं दिसलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, वर तिची ती दुहेरी गाठ, जी घरी गेल्यावर सोनालीला कधी सुटत नाही. सकाळपासूनच बांधून ठेवलेलं असणार. येऊ नको म्हणाली त्याच्यासाठी. त्यानं हात पुढं केला. बोळातून भाऊसाहेबांचा आवाज येत होता, दुसऱ्या कुणाला तरी ते विचारत होते, मूलबाळ? त्यानं हात मागं घेतला. वाटंनं आलेल्या पाहुण्याला कुणी एवढं बांधून देत नाही.

हायवेवर एस.टी.ला वेळ होता. ज्या हॉटेलासमोर तो उभा राहिला तिथं कढई चढली होती, आत दोन ड्रायव्हर बसले होते आणि दाराजवळचं एक बाकडं रिकामं होतं. हे तेच हॉटेल असेल का, त्याला कळेना. विचारावं असंही वाटेना. समोरून ट्रक जात होते, एकामागून एक, आणि प्रत्येक ट्रक गेला की धूळ थोडी उठायची आणि पहिल्या जागी बसायची. खिशात फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, आई.

"एष्टी भेटली का?"

"नाही अजून."

"गठुडं ऱ्हायलं बग. शेंगा हैत्या त्यात. आन् जवसाची चटणी हाय. त्येच्या म्होरं कसं द्याचं?"

"येऊ का परत?"

"नगं. अजून गल्लीतच हाय तो."

एक टँकर गेला. त्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला असं त्याला वाटलं. पण ठेवला नव्हता. शांताक्का मागं कुणाला तरी खाट उचलायला सांगत होती, ते ऐकू येत होतं.

"किस्ना," आई म्हणाली. "चांगलं वाचलास. समद्यास्नी ऐकू गेलं."